इजिप्तची लिपी शिकायची आहे

प्रश्न : मी बी.ए. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्राचीन इजिप्तची भाषा शिकायची आहे. पण सगळे म्हणतात, त्या चित्रलिपीचा नुसता अंदाज बांधतात आणि शिकायला कैरोलाच जावं लागतं. खरं आहे का?
– एक विद्यार्थिनी, आरमोरी (जि. गडचिरोली)

उत्तर : दोन्ही खरं नाही. फ्रेंच अभ्यासक शांपोलियाँने १८२२ मध्ये ती लिपी उलगडली. त्यातल्या बऱ्याच चिन्हांना उच्चार आहेत, भाषेला पक्कं व्याकरण आहे.

भारतात मात्र याची स्वतंत्र पदवी सहसा मिळत नाही. आधी नागपूर विद्यापीठात किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन भारतीय इतिहास-पुरातत्त्वात एम.ए. करा. मार्कंड्याची मंदिरं, भद्रावतीची विजासन लेणी तुमच्या जवळच आहेत. नजर तिथेच तयार होईल. सोबत जर्मन किंवा फ्रेंच सुरू करा. प्राचीन इजिप्तवरचं बरंच मूळ संशोधन त्या भाषांत आहे. पुढे इजिप्तच्या भाषेसाठी लायडन, ऑक्सफर्ड विद्यापीठांचा विचार करता येईल. तुम्ही अनुसूचित जमातीच्या असाल, तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पाहा. अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा.

ऑनलाइन प्रमाणपत्राला पदवी समजून फी भरू नका. आणि खरी ममी पाहायला कैरो कशाला? हैदराबादच्या राज्य संग्रहालयात एक आहे.