कात्रीची धार व तिची निगा

ज्या घरीं शिवणकामावर चार पैसे मिळतात, तेथें कात्री बोथट झाली म्हणजे नुकसान दुहेरी होतें. बोटें दुखतात, व कापड चावलें जातें. आणि तें कापड बहुधा गिऱ्हाइकाचें असतें. याकरितां धार लावण्याचें ज्ञान घरींच असावें.

प्रथम कात्री कापते कशी, हें पाहूं. सुरीचें काम एका धारेचें, तर कात्रीचें काम दोन पात्यांच्या मेळाचें. पातीं किंचित् बांकदार असतात. म्हणून मिटतांना तीं एका वेळीं एकाच ठिकाणीं भिडतात, व तें ठिकाण खिळ्यापासून टोंकाकडे सरकत जातें. पात्यांच्या ज्या बाजू समोरासमोर येतात, त्या कधींही घांसूं नयेत. त्या झिजल्या कीं मध्यें फट पडते, व कापड कापलें न जातां तींत दुमडतें.

पुष्कळदां दोष धारेचा नसून ढिल्या खिळ्याचा असतो. कात्री उघडून एक मूठ हातीं धरावी व दुसरी सोडावी. ती थोडी खालीं येऊन थांबली तर ठीक. धाडकन् मिटली तर मळसूत्र बेतानें आवळावें.

आतां धार. पात्याच्या बाहेरील बाजूस, कांठाशीं, एक अरुंद उतार दिसेल. त्यावर शाई लावावी. बारीक कणांच्या दगडावर पाणी घालून तो उतार नेमका टेकवावा, आणि खिळ्याकडून टोंकापर्यंत एकाच दिशेनें हात चालवावा. शाई सर्वत्र सारखी गेली, तर कोन बरोबर आहे असें समजावें. आंतील कांठास बारीक खरखर लागली म्हणजे थांबावें. दोन्ही पातीं झाल्यावर कात्री सावकाश मिटावी, म्हणजे ती खरखर निघते. मग पातीं पुसून पातळ ओलें कापड टोंकापर्यंत कापून पाहावें. दातेरी किंवा पडून वांकलेली कात्री मात्र शिकलगाराकडेच द्यावी.

कापडाच्या कात्रीनें कागद कापूं नये. त्यांतील खडू-मातीच्या कणांनीं धार झिजते. टांचण्यांवरूनही ती चालवूं नये. काम संपतांच तंतू पुसावे, व खिळ्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा.

मीरत येथें जुन्या गाड्यांच्या पोलादापासून कात्र्या घडवितात. त्यांस 2013 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या पुनःपुन्हां धार लावून वापरण्याजोग्या असतात, हीच त्यांची ख्याति. पोलाद चांगलें असेल व घांसणारा हात जपून चालेल, तर एकच कात्री दोन पिढ्यांस पुरते.