न आलेला रुग्ण

परिचय

दवाखान्यात आलेल्या रुग्णाला डॉक्टर तपासतात, हे आपण जाणतो. पण जो आलाच नाही, त्याची काळजी कोणी वाहायची? प्रस्तुत वैचारिक पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे. उदाहरणांच्या आधारे विचार कसा मांडला जातो, याकडे पाठ वाचताना लक्ष द्या.

मूलपाठ

उच्च रक्तदाब हा मुकाट्याने वाढणारा विकार आहे. बहुधा काहीच दुखत-खुपत नाही. म्हणून माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. मग एखाद्या दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो आणि कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो. अशा विकाराच्या बाबतीत रुग्णाची वाट पाहत बसणारा दवाखाना अपुराच पडतो.

वेल्समधील ग्लिनकोरुग या कोळसा खाणीच्या गावी डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी ही उणीव ओळखली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत नागरिकाचे नाव एका ठरावीक दवाखान्यात नोंदवलेले असते. त्यामुळे सारा गाव त्यांच्या यादीत होता. साध्या खोकल्यासाठी आलेल्याचाही रक्तदाब ते मोजत व नोंदवून ठेवत. पुढे ज्यांच्या नोंदपत्रावर रक्तदाबाचा आकडाच नव्हता, त्यांना ते बोलावणे धाडत. नोंदपत्रावरील ती कोरी जागा म्हणजेच न आलेला रुग्ण! या गावातील पंचवीस वर्षांच्या कामाचा आढावा १९९१ साली प्रसिद्ध झाला. असा कार्यक्रम नसलेल्या शेजारच्या गावापेक्षा येथील मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे त्यात आढळले.

जेथे गरज अधिक, तेथेच चांगली आरोग्यसेवा कमी मिळते, असा विचार याच डॉक्टरांनी १९७१ मध्ये मांडला होता. आपल्या देशातही या विचाराचा प्रत्यय येतो. दूरच्या पाड्यावरील मजुराला तपासणीसाठी जायचे, तर दिवसाची मजुरी बुडवावी लागते. म्हणूनच आपल्याकडे सेवेची आखणी लोकसंख्येनुसार केलेली आहे. सपाट प्रदेशात ५०००, तर डोंगराळ व आदिवासी भागात ३००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. २००५ पासून आशा कार्यकर्त्या घरोघरी पोहोचू लागल्या. कोणत्या बाळाची लस राहिली, कोणती गर्भवती तपासणीला आली नाही, तिशी ओलांडलेल्या कोणाचा रक्तदाब व साखर मोजायची राहिली, हे त्यांच्या याद्यांवरून कळते.

तथापि यादी स्वतः कोणाला बरे करत नाही. नावापुढची जागा कोरी का, हे त्या घरी जाऊन विचारावे लागते. कोठे औषधाची भीती असते, कोठे सोबतीला कोणी नसते. कारण समजले, तरच उपाय सुचतो. उलट, केवळ वरिष्ठांना दाखवण्यासाठी ती जागा खोट्या आकड्याने भरली, तर न आलेला रुग्ण कायमचा दृष्टीआड होतो. नोंदीचा प्रामाणिकपणा हाही उपचाराचाच भाग आहे.

शब्दार्थ

निकष – कसोटी, ठरवलेले प्रमाण
प्रत्यय येणे – अनुभव येणे
तथापि – तरीसुद्धा

पाठगत प्रश्न

१. उच्च रक्तदाबाला ‘मुकाट्याने वाढणारा विकार’ का म्हटले आहे?
२. नोंदपत्रावरील कोरी जागा काय दर्शवते?
३. ‘यादी स्वतः कोणाला बरे करत नाही’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

उपक्रम

तुमच्या वस्तीतील आशा कार्यकर्तीला भेटा. त्या आपल्या याद्या कशा ठेवतात, ते विचारून दहा ओळींत लिहा. कोणत्याही रुग्णाचे नाव मात्र लिहू नका.