भाताची रात्र

कडक उन्हाने पीक करपते हे तुम्हाला ठाऊक आहे. पण रात्रीच्या उकाड्यानेही भाताचे उत्पन्न घटते, असे कोणी सांगितले तर? रात्री ऊन नसते, खाचरात पाणी असते. मग भाताला त्रास कसला?

फिलिपीन्समध्ये लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तेथील १९७९ ते २००३ या काळातील तापमानाच्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. दिवसाचे कमाल तापमान ०.३५ अंश सेल्सियसने वाढले होते, तर रात्रीचे किमान तापमान १.१३ अंशांनी! मग १९९२ पासूनचे उत्पन्नाचे आकडे त्यांच्याशेजारी मांडले. कोरड्या हंगामात किमान तापमान १ अंशाने चढले, की उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी उतरत होते. हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

असे का व्हावे? याचे एक कारण श्वसनात आहे. रोप दिवसा प्रकाशसंश्लेषणाने साखर तयार करते. पण श्वसन मात्र रात्रंदिवस चालते आणि त्यात साखर खर्च होते. उष्णता वाढली की श्वसन वाढते. समजा, रोपाची कमाई १०० भाग आणि खर्च ४० भाग आहे. शिल्लक ६० भाग. आता खर्च ४६ झाला, तर शिल्लक ५४. कमाई तेवढीच राहूनही शिल्लक १० टक्क्यांनी घटली! दाणा भरतो तो या शिलकीतून. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.)

दिवसाची उष्णताही घातकच. भाताचे फूल सकाळी उमलते आणि तासाभरात मिटते. नेमके त्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेले, तर परागकण नीट गळत नाहीत व रुजत नाहीत. मग लोंबी दिसते हिरवीगार, पण दाणे निघतात पोचट.

जगातील निम्म्याहून अधिक लोकांचे मुख्य अन्न तांदूळ आहे. तांदळाच्या जागतिक व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के असतो. २०२३ मध्ये पाऊस लहरी झाला, देशातील भाव वाढले, तेव्हा जुलैत सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. लगोलग जागतिक बाजारातील भाव सुमारे पंधरा वर्षांतील उच्चांकाला पोहोचले. तांदूळ विकत घेणाऱ्या गरीब देशांना त्याची झळ बसली. ही बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

उपाय आहेत का? आहेत. ‘नागिना २२’ हा आपला जुना वाण उष्णता चांगली सोसतो. भल्या पहाटे फुलणाऱ्या एका रानटी भाताचा गुण लागवडीच्या भातात आणण्याचे प्रयोगही झाले आहेत. ऊन चढण्यापूर्वीच फूल मिटले, तर परागकण वाचतात.

करून पाहा : कापणीच्या वेळी शेतकऱ्याला विचारून दहा लोंब्या आणा. दाणे सुटे करून मोजा. १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ते टाका व ढवळा. तरंगतील ते पोचट, बुडतील ते भरलेले. पोचट दाण्यांचे शेकडा प्रमाण काढा आणि तारखेसह वहीत लिहा. मात्र कीड किंवा फुलोऱ्यातील पाऊस यांमुळेही दाणे पोचट राहतात. म्हणून एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका. पुढच्या वर्गातील मुलांच्या हाती ती वही द्या. लॉस बान्योसच्या नोंदीही पंचवीस वर्षांच्या होत्या!