प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शेक : मोठा आकडा की योग्य आकडा?

प्रास्ताविक

आपल्या वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी अवघे चौदा दिवस झाले होते. गाडगेबाबांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईस टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कर्करोग्यांना दादर येथील त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही आसरा मिळतो. रोग्याला निवारा लागतो, तशीच खरी माहितीही लागते. ती नसली की घरदार विकण्याची पाळी येते. म्हणून स्मरणिकेच्या या अंकात आम्ही थोडा अवघड विषय घेतला आहे. आम्ही डॉक्टर नाही. परंतु एका प्रसंगाने आम्हाला हा विषय समजून घेणे भाग पडले.

विहारात नियमित येणाऱ्या एका वयोवृद्ध उपासकांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी शेक घेण्यास सांगितले. त्यांचे चिरंजीव आमच्याकडे बँकेत आले व शेतावर कर्ज किती मिळेल, असे विचारू लागले. न मिळाल्यास दोन एकर विकण्याची त्यांची तयारी होती. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “इथली मशीन सहाची आहे. दुसऱ्या शहरात पंधराची आहे. पंधराची म्हणजे अडीच पट पावरफुल. बापासाठी कमी ताकदीची मशीन कशी चालंल?” त्यांच्या प्रश्नात पितृप्रेम होते, पण हिशेब चुकला होता. तो कोठे चुकला, हे पाहू.

हे आकडे कशाचे?

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली व गुदाशयाच्या पुढे, ओटीपोटात खोलवर असते. तेथील गाठीवर बाहेरून क्ष-किरणांचा झोत सोडतात. आपण त्याला ‘शेक’ म्हणतो, परंतु त्यात उष्णतेने भाजण्याचा संबंध नाही. किरण पेशींच्या गुणसूत्रांना इजा करतात व कर्कपेशींची वाढ खुंटते.

पूर्वी यासाठी मुख्यतः कोबाल्ट यंत्र असे. त्याच्या किरणांची ऊर्जा सरासरी १.२५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. आता बहुतेक ठिकाणी लिनियर अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे ‘लिनॅक’ वापरतात. त्यावर ६, १० किंवा १५ मेगाव्होल्ट असे आकडे असतात. हा आकडा झोताची ऊर्जा दाखवितो, औषधाचे माप नव्हे. माप ‘ग्रे’ या एककात ठरते आणि ते कोणत्याही यंत्रावर तेवढेच देता येते.

शेतकरी बांधवांना हे सहज कळेल. मोटरपंपाचा दाब वेगळा आणि पिकाला दिलेले पाणी वेगळे. दाबावरून पाणी किती लांब पोचेल ते कळते. पिकाला किती द्यायचे, ते पीक पाहून ठरते.

खोलीचा हिशेब

झोत शरीरात शिरला की प्रथम थोड्या खोलीवर त्याची मात्रा सर्वाधिक होते आणि मग ती घटत जाते. कोबाल्टमध्ये ही जागा कातडीखाली अर्ध्या सेंटिमीटरवर, ६ मेगाव्होल्टमध्ये दीड सेंटिमीटरवर व १५ मध्ये सुमारे ३ सेंटिमीटरवर असते. त्या जागी १०० भाग धरले, तर १० सेंटिमीटर खोलीवर ६ च्या झोताचे सुमारे ६७ आणि १५ च्या झोताचे सुमारे ७७ भाग पोचतात. म्हणजे आकडा अडीच पट झाला तरी फरक १० भागांचा आहे.

हा फरक क्षुल्लक आहे, असे मात्र समजू नये. पूर्वी पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी असे चारच झोत देत. बाजूने ग्रंथीपर्यंत पोचण्यास जाड माणसात २० सेंटिमीटरपर्यंत अंतर असू शकते. कमी ऊर्जेचा झोत वापरला, तर आत पुरेशी मात्रा पोचविण्यासाठी बाहेरच्या मांसाला व मांडीच्या हाडाच्या खुब्याला जास्त भार सोसावा लागे. म्हणून त्या काळी १५ किंवा १८ मेगाव्होल्ट पसंत करीत आणि ते त्या पद्धतीला धरून योग्यच होते.

पद्धत बदलली, हिशेब बदलला

आता ‘आयएमआरटी’ नावाच्या पद्धतीत सात ते नऊ दिशांनी झोत सोडतात, किंवा यंत्र रुग्णाभोवती फिरता फिरता किरण देते. प्रत्येक झोताची तीव्रता संगणक जागोजागी कमीजास्त करतो. याला आपल्या वर्गणीचे उदाहरण घ्यावे. जयंतीचा खर्च चार घरांवर टाकला तर प्रत्येक घर वाकते. तोच अनेक घरांवर वाटला तर कोणालाच जड जात नाही. तद्वतच वाटेतल्या अवयवांवरील भार वाटला गेल्याने जास्त ऊर्जेचा फायदा पुष्कळ कमी होतो. ६ मेगाव्होल्टनेही ग्रंथीला पूर्ण मात्रा देता येते व गुदाशय आणि मूत्राशय सांभाळता येतात.

दुसरी बाजूही आहे. ऊर्जा १० मेगाव्होल्टच्या वर गेली की किरण यंत्राच्या डोक्यातील टंगस्टनसारख्या जड धातूंवर आदळून न्यूट्रॉन बाहेर पडतात. हे न्यूट्रॉन गाठीपुरते राहत नाहीत; रुग्णाच्या सर्वांगावर त्यांची थोडी मात्रा पडते. आयएमआरटीत यंत्र जास्त वेळ चालते, म्हणून ती वाढते. पुढे अनेक वर्षांनी दुसरा कर्करोग होण्याचा धोका यामुळे किंचित वाढू शकतो. या कारणास्तव अशा नियोजनात बहुधा ६ किंवा १० मेगाव्होल्ट निवडतात. देह फार स्थूल असेल, अथवा खुब्यात धातूचा सांधा बसविल्यामुळे काही दिशा बंद झाल्या असतील, तर १० चा विचार होतो. १५ चे यंत्र वाईट, असा याचा अर्थ नाही. आकडा रोग्याचा देह व उपचाराची पद्धत पाहून ठरावा, एवढेच.

आपल्या विदर्भातील एक नाव

मुंबईच्या ‘समीर’ या शासकीय संशोधन संस्थेने देशी बनावटीचे ६ मेगाव्होल्टचे लिनॅक तयार केले व त्याला ‘सिद्धार्थ’ हे नाव दिले. असे एक यंत्र वर्धेजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसविण्यात आले होते. सहाचा आकडा ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा आहे. तथागतांना रेचकाची गरज होती. राजवैद्य जीवकाने विचार केला, की तीव्र रेचक त्यांना देणे उचित नाही. त्याने कमळांना औषधाचा संस्कार करून ती केवळ हुंगावयास दिली. जीवकाजवळ जालीम औषधांची वाण नव्हती. त्याने देह पाहून औषध निवडले.

ऊर्जेपेक्षा मोलाच्या गोष्टी

रोज शेकापूर्वी ग्रंथीची जागा चित्र घेऊन तपासली जाते का, हे अधिक महत्त्वाचे आहे. मूत्राशय सांगितल्याप्रमाणे भरलेले व गुदाशय रिकामा ठेवणे हे रोग्याच्या हाती आहे. शेक मध्येच सोडू नये. मुख्यतः ब्रिटनमध्ये ३,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ३७ वेळा मिळून ७४ ग्रे देण्याच्या तुलनेत २० वेळा मिळून ६० ग्रे देणे कमी ठरले नाही. म्हणजे जेथे डॉक्टर योग्य समजतील तेथे साडेसात आठवड्यांऐवजी चार आठवड्यांत काम होते. मजुरी बुडवून सोबत राहणाऱ्या मुलाला हा फरक मोठा आहे.

डॉक्टरांना पुढील प्रश्न नम्रतेने पण न संकोचता विचारावेत :
१) शेक कोणत्या पद्धतीने देणार?
२) एकूण किती ग्रे व किती वेळा?
३) ही ऊर्जा या रोग्यासाठी का निवडली?
४) रोज चित्र घेऊन जागा तपासणार का?
५) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा खर्च बसेल का?

ही योजना २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला अमरावती जिल्हा होता.

समारोप

आम्ही त्या चिरंजीवांसोबत रुग्णालयात गेलो. तेथील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांनी संगणकावर नियोजन उघडून दाखविले. कोणत्या अवयवाला किती मात्रा जाणार, हे रंगांनी समजावले. उपासकांचे २० शेक ६ मेगाव्होल्टवरच झाले. शेत विकले गेले नाही. पुढील तपासण्या चालू आहेत, आणि वर्षावासात ते विहारात पुन्हा पहिल्या रांगेत बसू लागले आहेत.

केवळ ऐकीव आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, हे बुद्धांनी कालामांना सांगितले. दवाखान्याच्या दारातही तोच उपदेश लागू आहे. विद्यार्थी मित्रांनी विज्ञान शिकून आपल्या वस्तीतील रोग्यासोबत प्रश्न विचारावयास जावे, एवढीच विनंती.

जय भीम!