स्थानिक स्वराज्य: काम आणि किल्ली

विद्यार्थीमित्रहो, वर्गांत खडू वाटण्याचें काम वर्गनायकाकडे असतें. समजा, खडूच्या कपाटाची किल्ली कचेरींत ठेविली आणि प्रत्येक खडूसाठीं त्यानें अर्ज करावा असा नियम केला, तर तो वर्गनायक केवळ नांवाचाच उरेल. राज्यकारभारांतही असेंच घडतें. वरच्या सरकारनें खालच्या संस्थेकडे एखादें काम सोंपविलें, पण त्यासाठीं लागणारा पैसा, माणसें व निर्णयाचा अधिकार आपल्यापाशींच ठेविला, तर त्यास सत्तेचें विकेंद्रीकरण म्हणतां येत नाहीं. कामाबरोबर किल्लीही खालीं उतरली पाहिजे. आपल्या देशांत ती कितपत उतरली, याचा थोडक्यांत विचार करूं.

सन १८८२ च्या मे महिन्यांत व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें स्थानिक स्वराज्याविषयीं एक प्रसिद्ध ठराव केला. स्थानिक संस्थांत बिनसरकारी सभासद बहुसंख्य असावेत व लोकांस कारभाराचें शिक्षण मिळावें, हा त्याचा हेतु होता. हेतु उदार होता. परंतु पुष्कळ जिल्ह्यांत अध्यक्षाची खुर्ची सरकारी अधिकाऱ्याकडेच राहिली आणि उत्पन्नही तुटपुंजेंच राहिलें. काम खालीं आलें, किल्ली वर राहिली.

स्वातंत्र्यानंतर बलवंतराय मेहता समितीनें सन १९५७ मध्यें गांव, गट व जिल्हा अशी तीन पायऱ्यांची रचना सुचविली. २ ऑक्टोबर १९५९ रोजीं राजस्थानांतील नागौर येथें पंडित नेहरूंच्या हस्तें तिचा आरंभ झाला. महाराष्ट्रांत वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मेहता समितीचा भर गटावर होता. महाराष्ट्रानें जिल्ह्यास अधिक बळ दिलें, आणि प्राथमिक शाळा, दवाखाने, रस्ते यांची व्यवस्था जिल्हा परिषदेकडे आली.

तरीही देशांत अनेक ठिकाणीं निवडणुका वर्षानुवर्षें लांबणीवर पडत. यावर उपाय म्हणून घटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजीं अमलांत आली. शहरांसाठीं ७४ वी दुरुस्ती त्याच वर्षीं १ जून रोजीं आली. दर पांच वर्षांनीं निवडणूक, स्त्रियांस किमान एक-तृतीयांश जागा, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि पैशाच्या वांटणीसाठीं राज्य वित्त आयोग, हीं तिचीं मुख्य अंगें होत. महाराष्ट्रानें सन २०११ मध्यें स्त्रियांचा वांटा निम्म्यावर नेला.

पंचायतींकडे द्यावयाचे २९ विषय घटनेंत नमूद आहेत. मात्र त्यांपैकीं किती व कसे द्यावयाचे, हें राज्याच्या विधिमंडळावर सोडलेलें आहे. म्हणून सर्व राज्यें सारखीं चाललीं नाहींत. केरळानें सन १९९६ मध्यें राज्य योजनेच्या रकमेपैकीं ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे देण्याचें ठरविलें. येथें कामाबरोबर किल्लीही उतरली. उलट महाराष्ट्रांत सन २०२२ मध्यें अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, आणि पुढें कांहीं वर्षें तेथील कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला. दिलेली किल्ली परतही जाऊं शकते, हा त्यांतील धडा आहे.

परंतु सारा दोष वरच्यांचाच असतो काय? आम्ही एकदां सुटींत एका गांवच्या ग्रामसभेस जाऊन बसलों. पाण्याच्या टाकीची जागा ठरवावयाची होती. आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणें सभेस मतदारांपैकीं १५ टक्के किंवा १००, यांपैकीं जी संख्या कमी तितके लोक लागतात. आले तिसांच्या आंत. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणसंख्येचें बंधन नसतें. म्हणून पुढें मूठभर मंडळींनीं बसून जागा ठरविली. ज्या बाया रोज डोक्यावर हंडे वाहत, त्यांतील एकही तेथें नव्हती. पुढें टाकी लांब पडते म्हणून तक्रार झाली, तेव्हां सरपंच म्हणाले, "सभेला कां आलां नाहींत?" या प्रश्नास गांवाजवळ उत्तर नव्हतें. आम्हांसही तें सुचलें नाहीं.

पालकबंधु-भगिनींनो, किल्ली हातीं असून कुलूप उघडावयास कोणी न गेलें, तर ती नसल्यासारखीच. आणि मुलांनो, अठरा वर्षें पुरीं होऊन मतदारयादींत नांव लागतांच खेड्यांतील प्रत्येक मुलगा व मुलगी ग्रामसभेचे सभासद होतात. त्यासाठीं कोणाची शिफारस लागत नाहीं. तोंपर्यंत एवढें करा: पुढची ग्रामसभा केव्हां आहे हें घरीं विचारा, पंचायतीच्या फळ्यावरील सूचना आईवडिलांस वाचून दाखवा, आणि सभेस जातांना आईस मागें राहूं देऊं नका.