ज्यूरी, निकालपत्र आणि आपण

न्यायदानात सामान्य नागरिकाचाही वाटा असावा, या विचारातून ज्यूरीची पद्धत आली. साक्षीपुरावा ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे ज्यूरीने सांगायचे. कायदा समजावणे व शिक्षा देणे हे काम न्यायाधीशाचे. इंग्लंड-अमेरिकेत ही पद्धत आजही आहे. सरकारच्या मर्जीपासून आरोपीचे रक्षण करणारी म्हणून तिथे तिची थोरवी सांगतात, आणि ती अगदीच खोटी नाही.

आपल्याकडचा अनुभव मात्र वेगळा आहे. १८९७ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. पुरावा सर्वांनी एकच ऐकला होता! शाळेत हा खटला टिळकांच्या धैर्यासाठी शिकवतात, ज्यूरीसाठी कोणी शिकवत नाही.

पुढे १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटी यांच्यावर प्रेम आहुजा यांच्या खुनाचा खटला झाला. ब्लिट्झ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली होती. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना हे मत पटले नाही; त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरी उरली नाही, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही नाही.

ज्यूरी पुन्हा आणावी असे काही विद्वान म्हणतात. आम्ही विचारतो, ॲट्रॉसिटीचा खटला असेल तर नांदेड-लातूरच्या एखाद्या तालुक्यातून ज्यूरीत कोण बसेल? ज्या गावात फिर्यादीचे दळण-किराणा बंद होते, त्याच भागातली माणसे ना? शिवाय ज्यूरी कारण देत नाही. आम्ही बँकेतली माणसे. साधा कर्जाचा अर्ज नाकारायचा तरी कारण लिहावे लागते.

न्यायाधीश चुकत नाहीत असे नव्हे. खैरलांजी प्रकरणात भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये खून सिद्ध मानला, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये हायकोर्टानेही तेच केले. आपल्याला ते पटलेले नाही. पण का पटले नाही, हे निकालपत्रातल्या ओळीवर बोट ठेवून सांगता येते.

विद्यार्थी मित्रांनी आणखी एक तरतूद वाचावी. २०१६ पासून ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५-अ आले आहे. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीतही पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क त्याने दिला आहे.