ब्लॉक मशीनशॉपला देण्यापूर्वी

मुंबईच्या रस्त्यांवरील प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तरी हौसेने जपलेल्या पद्मिनी आजही अनेकांच्या दारात उभ्या आहेत, आणि त्यांची इंजिने घरीच उतरवून पुन्हा बांधणाऱ्यांपुढे सर्वांत अवघड निर्णय येतो तो सिलिंडर ब्लॉकवरील यंत्रकामाचा. खोलणे, साफ करणे व जोडणे घरच्या आवारात जमते. ब्लॉक मात्र मशीनशॉपलाच न्यावा लागतो, आणि तेथे एकदा कापले गेलेले बीड परत भरता येत नसल्याने इंजिनाचे पुढचे आयुष्य कापण्यापूर्वी घेतलेल्या मापांवर अवलंबून राहते.

फियाट ११०० च्या घराण्यातील या १,०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनात बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मुळात ६८ मिमी असतो. रिंगा जेथवर पोहोचतात त्या वरच्या टोकाशी झीज सर्वाधिक होते, आणि पिस्टनचा जोर ज्या भिंतीवर येतो तिकडे ती आणखी वाढते. म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली, दर ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी बोअर गेजने मोजावा लागतो. येथेच एक हिशेब हमखास चुकतो. एकाच भिंतीची ०.३० मिमी झीज झाली असेल, तर गेजवर व्यास ६८.३० मिमी दिसतो आणि ०.५० मिमी मोठा पिस्टन पुरेल असे वाटते. पण मूळ मध्य कायम ठेवून ६८.५० मिमीपर्यंत बोअर केले, तर प्रत्येक बाजूने ०.२५ मिमीच धातू निघतो, आणि झिजलेल्या भिंतीवर ०.०५ मिमीचा खळगा तसाच उरतो. तो घालवण्यासाठी कारागिराने मध्य सरकवला, तर सिलिंडर आपल्या मूळ जागेवरून ढळतो. अशा ब्लॉकला ०.७५ मिमी मोठा पिस्टनच योग्य ठरतो.

पिस्टन आधी विकत घ्यावेत आणि मगच बोअर करून घ्यावे, हा नियम मोडून नुकसान सोसणारे पुष्कळ आहेत, कारण खोक्यावरील माप हे नाममात्र असते आणि प्रत्यक्ष पिस्टन, त्याला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनेशी काटकोनात, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर मायक्रोमीटरने मोजल्यावरच बोअरचे अंतिम माप ठरते.

डेक, म्हणजे हेड बसते तो ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, सरळ पट्टी व फीलर गेजने तपासावा. बोअर करण्याचे छोटे यंत्र बहुधा याच पृष्ठभागावर बसवले जात असल्याने वाकडा डेक सिलिंडरही तिरके करतो. तेव्हा फेसिंग, म्हणजे डेक यंत्रावर सपाट करून घेणे, करायचेच असेल तर ते आधी, आणि अगदी गरजेपुरतेच करावे.

बोअरनंतर होनिंग होते: सहाणेच्या दगडांनी भिंतीवर तेल धरून ठेवणाऱ्या तिरप्या, परस्परांना छेदणाऱ्या रेषा उमटवल्या जातात. या दगडांची बारीक कुरूंद रेषांत रुतून बसते, आणि तीच नव्या रिंगा व बेअरिंगे खाऊन टाकते. डिझेल किंवा पेट्रोलने पुसल्यावर ब्लॉक चकाकतो, पण कुरूंद आतच राहते. गरम पाणी, साबणाची पावडर आणि ताठ ब्रश यांनी सिलिंडर घासावेत. तेलाच्या वाहिन्यांची बुचे काढून त्याही धुवाव्यात. तेल लावलेले पांढरे फडके भिंतीवरून फिरवल्यावर ते राखाडी होत असेल, तर पुन्हा धुवावे. उघड्या बिडाला पाहता पाहता गंज चढतो, म्हणून वाळवताच तेल लावणे आवश्यक असते.

ब्लॉक देताना चारही पिस्टन, मेन बेअरिंगच्या खुणा केलेल्या टोप्या आणि मापांचा कागद सोबत द्यावा, आणि परत घेताना पैसे चुकते करण्यापूर्वी कारागिरासमोरच प्रत्येक सिलिंडर पुन्हा मोजून नवी मापे त्याच कागदावर लिहून घ्यावीत.